हिम्मतरावांची व्हॅन आणि निळा फ्यूज

हिम्मतराव बिदरकरांचं नाव ज्यानं ठेवलं, तो माणूस एकतर फार आशावादी असावा, नाहीतर फार खट्याळ. नाव ठेवलं आजोबांनी. निजामाच्या जमान्यात ते अदालतीत वकिली करायचे. दिवसभर उर्दूत युक्तिवाद करायचे आणि घरी येऊन मराठीत ओरडायचे. नातू जन्मला तेव्हा बराच वेळ रडलाच नाही. "बघा, घाबरत नाही पोरगं!" म्हणून आजोबा खूष. सुईण मात्र पुटपुटली, "घाबरलंय म्हणून तर आवाज फुटेना." पुढे सगळा जन्मभर सुईणीचंच खरं ठरत गेलं.

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत हिम्मतरावांविषयी प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे, आणि सांगताना कुणी हात आखडता घेत नाही. कोर्टाच्या नक्कल विभागात त्यांनी उभी नोकरी काढली. बढती चालून आली, तर त्या खुर्चीवरचा पंखा थेट डोक्यावर येतो म्हणून नाकारली. तरुणपणी गौलीगुड्याला मुलगी पाहायला गेले, तर जिन्यात कुत्रं. कुत्रं झोपलेलं होतं असं मुलीकडची मंडळी अजून शपथेवर सांगतात. हिम्मतराव खालच्या खालीच परतले. ती मुलगी आता आजी झाली. हिम्मतराव राहिले थोरल्या बहिणीजवळ, सुशीलाक्काजवळ.

अक्का म्हणजे रिटायर झालेल्या शाळेतल्या बाई. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. तिचं या जगात एकाशीच वैर, ते म्हणजे धूळ. विजेचे दिवे ती काढून पुसते. कॅलेंडरच्या मागची भिंत पुसते. एकदा तर आलेल्या पाहुण्यांच्या चपला धुऊन वाळत घातल्या होत्या, आणि पाहुणे संध्याकाळपर्यंत अडकून पडले होते.

निवृत्त झाल्यावर हिम्मतरावांनी एक धाडस केलं. मावसभावाची जुनी पांढरी व्हॅन घेतली. व्हॅनच का? तर उंचावर बसायला मिळतं, येणारं संकट लांबून दिसतं. व्हॅन चालवताना त्यांचा पाय ब्रेकवर आणि अंगठा हॉर्नवर. रस्त्यात कबुतर बसलेलं दिसलं तरी हॉर्न. बोळाच्या तोंडाशी हॉर्न, वळणावर हॉर्न, वळण संपलं की सुटकेचा एक हॉर्न. कुणाकडे गेले तरी वर जायचं नाव नाही. खाली उभं राहून तीन वेळा हॉर्न वाजवायचा आणि माणूस खाली यायची वाट बघायची.

आणि अशा या माणसाच्या आयुष्यात निशिगंधा आली. आली म्हणजे सुई घेऊनच आली.

ती सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. साखर तपासायला हिम्मतराव गेले, तिनं दंडाला पट्टा बांधला, सुई दिसली, आणि हिम्मतराव खुर्चीतून सरळ तिच्या पायाशी. शुद्धीवर आले तेव्हा ती ग्लुकोजचं पाणी हलवत म्हणत होती, "अजून टोचलंच नाही हो, साहेब. आता पुन्हा पहिल्यापासून." मराठीत म्हणाली. पुढे काय सांगावं! डॉक्टरांनी सहा महिन्यांनी बोलावलेला माणूस दर महिन्याला साखर तपासायला लागला. दवाखान्यातली आया सांगते, की नंतर नंतर ते सुईकडे बघतच नसत, सुई धरणाऱ्या हाताकडे बघत. साखर वाढली नाही. बाकी पुष्कळ वाढलं.

निशिगंधाचीही निवृत्ती जवळ आलेली. तिनंही लग्न केलं नव्हतं. घरी वडील, तातेराव. मूळचे परभणीकडचे. तरुणपणी हैदराबादेत आले, कुकटपल्लीच्या एका कारखान्यात मशीनवर राबले, लेकीला शिकवलं, वस्तीत विहार उभा करायला विटा वाहिल्या. आता एक पाय अपघातानंतर वाकत नाही. रिक्षात मावत नाही, मोटारीत मावत नाही. आडवा लांब करूनच बसावं लागतं. हिम्मतरावांच्या व्हॅनची मागची सीट लांबलचक, दार सरकतं. म्हणून ठरलं, की व्हॅन घेऊन यायचं, तातेरावांना चिक्कडपल्लीला न्यायचं, अक्काच्या हातचं जेवायचं आणि दोन्ही घरांनी एकमेकांना बघायचं. तातेराव हो म्हणाले तर पुढचं बोलणं.

ठरलं खरं, पण दोनदा मोडलं. पहिल्यांदा हिम्मतरावांना सर्दी झाली. दुसऱ्यांदा त्यांनी कळवलं, की गाडी चालू होत नाही. गाडी ठणठणीत होती. चालू होत नव्हते ते हिम्मतराव. हे निशिगंधाला कळलं की नाही ते तिनं दाखवलं नाही, पण तातेरावांनी निरोप धाडला: येत्या रविवारी शेवटचं. त्यानंतर माझ्या लेकीला खालून हॉर्न मारून बोलवायचं नाही.

रविवार दसऱ्यानंतरचा ठरला होता, कारण दसऱ्याला तातेरावांकडे धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम आणि बिदरकरांकडे खंडेनवमीपासूनची धामधूम. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. बिदरकरांकडे हत्यारं म्हणजे विळी, अडकित्ता, आजोबांचा टाक आणि हल्ली व्हॅन. अक्कानं यंदा व्हॅनला असं न्हाऊमाखू घातलं, की सख्ख्या मावसभावानं ती ओळखली नसती. सुटं होईल ते सुटं केलं, रिठ्याच्या पाण्यात घातलं, वाळवलं, हळदकुंकू लावलं, परत बसवलं. दसऱ्याला शमीची पानं वाटत दोघं बहीणभाऊ त्याच व्हॅनमधून हिंडले. काही बिघडलं नाही.

रविवारी सकाळी हिम्मतराव तयार झाले. इस्त्रीचा शर्ट, कानामागे अत्तराचा फाया. आरशासमोर उभं राहून त्यांनी स्वतःला दम भरला. व्हॅनमध्ये बसले, चावी फिरवली, व्हॅन सुरू झाली. फाटकाबाहेर पडली, थोडं खोकली आणि गप्प झाली.

पुन्हा चावी. घर्र घर्र घर्र. इंजिन फिरतंय, पण पेटत नाही.

"काय झालं हो?" वरच्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला. हे दत्तात्रय मास्तर. गणित शिकवायचे, आता गल्ली शिकवतात. हातात पेपर धरलेला, पण वाचन खालचं चाललेलं. "पेट्रोल आहे का?"

"कालच भरलंय."

"मग मन नसेल तिचं," मास्तर म्हणाले. "तिचं की तुमचं, ते बघा."

हिम्मतराव घामाघूम. मागच्या वेळी गाडी चालू होत नाही म्हणून खोटं सांगितलं, आणि आज ती खरोखर चालू होत नव्हती! आता हेच कारण कुठल्या तोंडानं सांगायचं? दुसरी व्हॅन भाड्यानं पाहावी, तर तेलुगू मंडळींचे लग्नाचे मुहूर्त सुरू झालेले. दोन ठिकाणी फोन केले, दोन्हीकडे नकार.

मग त्यांनी खाजाभाईला फोन लावला. खाजाभाई त्यांचा मेकॅनिक. माणूस हुशार, पण त्या दिवशी भाचीच्या लग्नाला जहीराबादला. फोनमध्ये मागे मरफ्याचे ढोल असे दणदणत होते, की हिम्मतरावांच्या कानाशीच वरात निघाली.

"सलाम साब! क्या हुआ? गाडी बंद पडी? काइकू परेशान होरे? मैं बोलतूँ वैसा करो. चाबी आधी घुमाओ. इस्टार्ट नक्को मारो, खाली आधी. पीछे टंकी के पास घूँ करके आवाज आरी क्या?"

हिम्मतरावांनी चावी अर्धी फिरवली. समोर दिवे लागले. मागे गुपचूप. पुन्हा फिरवली. एरवी मागच्या सीटखाली मधमाशी अडकल्यासारखा क्षणभर आवाज व्हायचा. तो आवाज काय होता हे त्यांना आज कळलं, तो नसल्यावर.

"नाही. काहीच नाही."

"तो पेट्रोल का पंप चलरा नै. पैले फ्यूज देखो. इस्टेरिंग के नीचे, घुटने के पास काला डब्बा है. चाबी बंद करके ढक्कन निकालो. ढक्कन के अंदर नक्शा है, पंप का निशान मिलता. वो फ्यूज निकालो, उजाले में पकडो. अंदर का बारीक तार टूटा तो फ्यूज गया. तार साबुत तो पंप गया. बस, इत्ताच है."

इतकंच! हिम्मतरावांनी आयुष्यात घरातला दिवासुद्धा बदलला नव्हता. ते आत गेले, रबरी चपला घातल्या, अक्काचा काटा काढायचा चिमटा घेतला. विजेचा धक्का बसू नये म्हणून हातात गव्हाच्या पिठाची पिशवी मोज्यासारखी चढवली. मग भर रस्त्यात गुडघे टेकले आणि डोकं स्टिअरिंगखाली घातलं. गल्लीच्या बाजूनं दिसत होता तो फक्त इस्त्रीच्या पॅन्टचा मागचा भाग.

"नमाज चालू आहे का?" वरून मास्तर.

काळ्या डब्याचं झाकण निघालं. बाहेरच्या बाजूला अक्काचं कुंकू. आतल्या बाजूला बारीक चौकटींचा नकाशा: कुठे दिव्याचं चित्र, कुठे कर्ण्याचं, कुठे पंख्याचं, आणि एका कोपऱ्यात पेट्रोल पंपाचं. डब्यात लाल, निळे, पिवळे फ्यूज ओळीनं बसलेले. इतके स्वच्छ, जणू लहान मुलांची गोळ्यांची बरणी. त्यांनी झाकण डब्याशेजारी धरलं, कोपरा जुळवला आणि चिमट्यानं तिथला फ्यूज ओढला. फ्यूज दोनदा चिमट्यातून निसटून मॅटवर पडला. शेवटी उजेडात धरला. पिवळ्या प्लास्टिकच्या आतली तार अखंड.

"साबुत आहे," ते फोनमध्ये म्हणाले.

"तो पंप गया, साब. टंकी उतारनी पडती. मंगल को आतूँ. आज नक्को सोचो."

फोन बंद झाला. आणि खोटं कशाला बोला, हिम्मतरावांना आतून हायसं वाटलं. पंप गेला. आपण काय करणार? आपण तर रस्त्यात गुडघे टेकून प्रयत्न केला. मास्तर साक्षीला आहेत. देवानंच नको म्हटलं. ते फुटपाथवर टेकले. इस्त्री मोडलेली, अत्तर घामात वाहून गेलेलं, पण छातीवरचा दगड उतरलेला. गौलीगुड्याच्या जिन्याखालीही अगदी असंच वाटलं होतं. हे आठवलं तसा तो दगड पुन्हा येऊन बसला, आधीपेक्षा जड.

इतक्यात निशिगंधाचाच फोन.

"निघालात?"

हिम्मतरावांनी तोंड उघडलं. पंप गेला एवढंच म्हणायचं होतं.

"बाबांनी सकाळपासून कोट घातलाय," ती म्हणाली. "या उकाड्यात. मी म्हटलं, निघताना घाला. तर म्हणाले, तो आला नाही तर काढेनच की. दाराकडे तोंड करून बसलेत." मग आवाज उतरवून, "मी काही विचारत नाही हं. येणार असाल तर या."

"निघतोच आहे," हिम्मतराव म्हणाले.

हे शब्द आपल्या तोंडून कसे निघाले ते त्यांनाच कळलं नाही. पण निघाले.

ते उठले. झाकण हातातच होतं. कुंकवाकडे त्यांचं लक्ष गेलं आणि डोक्यात किडा वळवळला. या डब्याला हात कुणी लावला? अक्कानं. व्हॅन बिघडली कधी? अक्कानं धुतल्यावर. निशिगंधाचा विषय निघाल्यापासून अक्का काय बोलली? काहीच नाही. "त्यांना आपल्याकडचं आंबट वरण चालेल का?" एवढंच एकदा म्हणाली होती. जी बाई शेजाऱ्याच्या पडद्यावरही मत देते, ती भावाच्या लग्नावर गप्प! चिक्कडपल्लीतल्या बायकांनी तिचे कान भरलेच असणार. बिदरकरांच्या घरात परभणीच्या बौद्धाची मुलगी, आणि तीही या वयात!

हिम्मतराव स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. अक्का पुऱ्यांची कणीक मळत होती.

"तू व्हॅनला काय केलंस?" ते ओरडले. हो, ओरडले. गॅलरीत मास्तरांनी पेपर खाली ठेवला.

अक्कानं वर पाहिलं. भावाचा चढा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. "धुतली," ती म्हणाली.

"हे काय आहे?" त्यांनी झाकण पुढे धरलं.

"झाकण. मळलं होतं."

"आणि आतले? ते रंगीत?"

"तेही मळले होते. काळीकुट्ट धूळ! काढले सगळे, रिठ्यात घातले, उन्हात वाळवले, परत ठेवले."

"जिथल्या तिथे ठेवलेस?"

"मग काय करते! आधी होते तेव्हा नुसता गोंधळ होता. एक लाल, एक निळा, मध्येच पिवळा. काही पद्धत? मी लाल एका ओळीत लावले, निळे शेजारी शेजारी, पिवळे कडेला. बघ, किती बरं दिसतंय आता."

हिम्मतराव खाली बसले. तिथेच, परातीशेजारी.

"अक्का," ते हळू आवाजात म्हणाले, "तुला ते यायला नको आहेत का? सरळ सांग."

"कोण नको?" अक्काचे हात कणकेत थांबले. "अरे हौल्या, खुळ्या, ते पाय लांब करून बसणार त्या सीटवर. परक्या माणसाला धुळीत बसवू? म्हणून तर यंदा एवढं धुतलं. नाहीतर तुझ्या त्या डब्याला मी दरवर्षी फक्त फूल वाहते." मग कणकेला एक बुक्की मारत म्हणाली, "आणि मी बोलत नाही, कारण मी बोलले की तू माझ्या पदराआड लपतोस. गौलीगुड्याला मीच म्हणाले होते ना, जाऊ दे, दुसरी बघू? त्या दिवशी मी गप्प बसले असते तर वर गेला असतास. म्हणून या खेपेला गप्प बसलेय. आता ऊठ. पुऱ्या मी कुणासाठी करतेय?"

हिम्मतराव उठले. ताबडतोब खाजाभाईला फोन.

"धोए?" खाजाभाई किंचाळला. "फ्यूज धोए? रिठे में?" मग फोनबाहेर तोंड करून त्यानं सगळ्या वरातीला सांगितलं, आणि मरफा थांबून हसण्याचा गडगडाट ऐकू आला. "साब, पंप का फ्यूज नीला रहता, पंद्रह का. आप को नक्शे में पंप की जगह क्या मिला? पीला? ढक्कन उल्टा पकडे क्या? उस पे तीर रहता ना, ऊपर का तीर!"

तीर? झाकणावर बाण नव्हता. बाहेर कुंकू, आत नकाशा. हिम्मतरावांनी झाकण फिरवून फिरवून पाहिलं. आतल्या बाजूला, वरच्या कडेला, अक्काचं आणखी एक कुंकवाचं बोट होतं. ओल्या हळदीवर कुंकू, वाळून पापडीसारखं घट्ट झालेलं. ते खरवडायला त्यांचा हात धजेना.

"दे इकडे," अक्का म्हणाली, आणि पदराच्या टोकानं तिनं ते पुसलं. "पूजा झाली, नवरात्र संपलं. देवी काय व्हॅनमध्ये राहायला आलीय?"

कुंकवाखाली इवलासा बाण होता. हिम्मतरावांनी मघाशी धरला होता त्याच्या बरोबर उलट.

पुन्हा गुडघे, पुन्हा डोकं स्टिअरिंगखाली. पिवळा होता तिथे परत बसवला. आता पंपाचं चित्र पलीकडच्या कोपऱ्यावर आलं. तिथे अक्काच्या लाल ओळीतला शेवटचा लाल. डोक्यावर दहाचा आकडा. काढून उजेडात धरला, तर आतली तार मधोमध तुटलेली, कडेला काजळी. पंधरा अँपिअरचा भार दहाच्या फ्यूजनं इतके दिवस कसाबसा सोसला आणि फाटकाबाहेर जीव टाकला.

"आता निळा घाल की," अक्का मागे उभी राहून म्हणाली. हात अजून कणकेचे.

निळे दोनच होते, अक्काच्या मर्जीनुसार शेजारी शेजारी. नकाशात बघितलं, तर एक ब्रेकच्या दिव्याच्या जागी, दुसरा कर्ण्याच्या चित्राशी.

"ब्रेक को हाथ नक्को लगाना," फोनमधून खाजाभाई. "हॉर्न का निकालो. हॉर्न को लाल चलता, मगर आप के पास नवा लाल कहाँ है? रहने दो. एक दिन हॉर्न नै तो क्या मरते?"

हिम्मतरावांचा चेहरा असा झाला, की जणू एक दिवस ब्रेकशिवायच जायला सांगितलंय. मास्तरही वरून म्हणाले, "हॉर्नशिवाय? हैदराबादेत? आणि तुम्ही?"

हिम्मतरावांनी कर्ण्याच्या जागचा निळा फ्यूज चिमट्यानं ओढला. मग पंपाच्या जागी दाबून बसवला. चावी अर्धी फिरवली. मागच्या सीटखाली मधमाशी जागी झाली. घूँ.

अक्कानं कणकेच्या हातानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. इस्त्रीच्या शर्टावर पाच पांढरी बोटं उमटली, आणि ती तशीच घेऊन हिम्मतराव निघाले.

तो प्रवास ज्यांनी पाहिला त्यांनी पाहिला. अंगठा सवयीनं हॉर्नवर जाई आणि हात हलवत परत येई. पहिल्या चौकात समोर केळीवाला आडवा आला. हिम्मतराव थांबले. मागचे ओरडू लागले. शेवटी त्यांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि घसा साफ करून म्हणाले, "अहो... जरा..." केळीवाल्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. "ओ भाई, बाजू!" आता तो हलला. हिम्मतराव चकित. पुढे रिक्षावाल्याला, स्कूटरवरच्या तिघांना, अमीरपेटला एका बसलासुद्धा! "चलो भाई, चलो! लेकी बाळी वाट बघतायत!" हे काय बोललो म्हणून स्वतःच लाजले. कुकटपल्ली येईतो घसा बसला होता आणि छाती मात्र फुगली होती.

निशिगंधाच्या इमारतीखाली व्हॅन उभी केली. अंगठा हॉर्नवर गेला. एकदा, दोनदा, तीनदा दाबला. काही नाही. वर कुणाला कळलंही नाही, की ते आले आहेत.

समोर जिना होता. कुत्रं नव्हतं. पण असतं तर बरं झालं असतं असंही क्षणभर वाटून गेलं. मग हिम्मतराव उतरले आणि कठड्याला धरून चढू लागले.

दार उघडंच होतं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली ताजी फुलं. दाराकडे तोंड करून तातेराव बसलेले, काळ्या कोटात, एक पाय समोरच्या स्टुलावर सरळ. घामानं कपाळ चमकत होतं. त्यांनी हिम्मतरावांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हॉर्न नाही वाजला," ते म्हणाले. मशीनच्या खडखडाटात जन्म काढलेल्या माणसाचा आवाज. साधं बोलले तरी शेजारच्याला कळावं.

"हॉर्नचा फ्यूज काढला. पेट्रोलच्या पंपाला लावला. त्याशिवाय गाडी येत नव्हती."

"म्हणजे वाजला असता तर खालीच बसला असतास."

निशिगंधा आतून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

हिम्मतरावांना सांगायला पुष्कळ होतं. पण घसाच बसलेला, लांबण लावायची सोय नव्हती. "हो," ते म्हणाले.

तातेरावांनी मान हलवली. "मी म्हणलो, बिदरकरांचं घराणं, वकिलाची नातवंडं. आमच्या पायऱ्या चढायला जड जात असतील. खालून हाका मारणारे लई पाहिलेत मी आयुष्यात."

हिम्मतरावांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कान तापले. आपला भित्रेपणा कुणाला असाही दिसत असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"नाही हो," ते घाईघाईनं म्हणाले. "गौलीगुड्याला मी झोपलेल्या कुत्र्याला घाबरून परत आलोय. इथे तर तुम्ही जागे होतात."

मग तातेरावांच्या कोटाची बटणं हलू लागली. ते हसत होते. हसता हसता स्टुलावरचा पाय घसरला, निशिगंधा धावली, ती पण हसत.

"मला कुत्रं म्हणलं गं हे!"

"तसं नाही, तसं नाही," हिम्मतराव गयावया करत होते. "पाणी देता का थोडं? घसा... सगळ्या रस्त्यानं ओरडत आलोय."

निशिगंधानं तांब्याभांडं आणलं. ते भांडं भरून प्यायले, पुन्हा भरून मागितलं, तेही संपवलं. तातेराव ते सगळं बारकाईनं बघत होते. मग म्हणाले, "चहा टाक. चहा झाल्याबिगर मी खाली उतरत नसतो. आणि यांच्या पाठीवर ही बोटं कुणाची?"

"अक्काची," हिम्मतराव म्हणाले. "पुऱ्या करतेय."

"मग घाई करू. पुऱ्या गार झाल्या तर उपयोग नाही."

चहा प्याल्यावर जिन्यावरून उतरताना तातेरावांचा एक हात लेकीच्या खांद्यावर आणि एक हिम्मतरावांच्या. हिम्मतराव प्रत्येक पायरी आधी स्वतः चाचपून बघत, मग "या" म्हणत. तातेराव मागच्या सीटवर पाय लांब करून बसले, सीटवर हात फिरवला. "लई स्वच्छ ठेवली गाडी," ते म्हणाले. निशिगंधा पुढे बसली.

अमीरपेटच्या अलीकडे एक टँकर आडवा. हिम्मतरावांनी काच खाली केली, तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. नुसती हवा निघाली.

"सरका की रे!" मागच्या सीटवरून आरोळी उठली. टँकरवाल्यानं स्वतःचाच हॉर्न वाजवून माफी मागितल्यासारखं केलं आणि बाजूला झाला. "डावीकडून घ्या, जावईबापू, मोकळं आहे," तातेराव म्हणाले. निशिगंधानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. हिम्मतराव गाडी डावीकडे घ्यायचं विसरलेच, आणि मागच्या स्कूटरवाल्यानं त्यांना आठवण करून दिली.

चिक्कडपल्लीच्या कोपऱ्यावर व्हॅन वळायच्या आधीच आवाज आला, "ए, हटा रे पोरांनो, मागं व्हॅन हाय!" गॅलरीत दत्तात्रय मास्तर उठून उभे राहिले. अक्कानं खिडकीतून कान दिला. असा हॉर्न तिच्या भावाच्या व्हॅनला कधीच नव्हता. तिनं पदर खोचला, तेल तापलंय का पाहिलं आणि पहिली पुरी कढईत सोडली.